मी खर्रा खात नाही, मले कायले होते?

कोरपना तालुक्यात मी आशा सेविका आहे. तिशी ओलांडलेल्यांचे फॉर्म भरायचे आणि बायांना छाती तपासायला उपकेंद्रात पाठवायचं, हे त्यातलं एक काम. त्यातून उमगलेलं थोडं.

१. आमच्याकडे कॅन्सर म्हटला की तंबाखू-सुपारीचा खर्रा. तोंड न उघडणारी माणसं गावोगावी दिसतात, त्यामुळे ‘मी खर्रा खात नाही, मले कायले होते?’ हेच उत्तर मिळतं. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तो छातीतही होतो, हे ठाऊक नाही.

२. ‘दुखते का?’ असं विचारूच नये. छातीतली ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोण मजुरी पाडणार? मी विचारते, आंघोळीत हाताला काही लागते का? बोंड आत ओढलं का? पाजत नसताना त्यातून रक्त-पाणी येते का? कातडीला खळी पडली का? मग एखादी हळूच म्हणते, ‘हो, आहे थोडसं.’

३. कापूस वेचणीत दिवसा गावात बाई सापडत नाही. शिबिर दुपारी ठेवणाऱ्यांना एकदा वेचायला न्यावं.

४. तपासणारी बाईच हवी. उपकेंद्रात बाप्या माणूस असला की अर्ध्या जणी दारातून परततात. मॅमोग्राफीचं यंत्र नाही म्हणून मात्र अडून बसू नये. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. सरकारी नियम ३० ते ६५ वयाला पाच वर्षांतून एकदाचा. मला ते अंतर फार वाटतं. पण तेवढंही कुठे होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत एकीचीही छाती कधी तपासलेली निघाली नाही.

५. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे तपासणीआधीच सांगावं. सापडल्यावर सांगितलं तर धीर देण्यासाठी बोलतेय असं वाटतं. पुढची वाट गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरची. गरज पडली तर सेवाग्राम, नागपूर. सोनोग्राफी, सुईची तपासणी, मग रिपोर्टसाठी पुन्हा फेरी. उपचाराला महात्मा फुले योजना आहे, पण एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि घरची जनावरं कोणत्याच योजनेत बसत नाहीत. म्हणून रेशनकार्ड-आधार पिशवीत आणि सोबत कोण, हे आधी ठरवते.

६. सासूला आधी बसवावं. वयाबरोबर धोका वाढतो, आणि म्हाताऱ्याच ‘आता माहं काय राह्यलं’ म्हणून मागे सरतात. सासू तपासून आली की सुनेला कोणाला विचारावं लागत नाही.