सूर्यफूल: आधी रोपे मोजा, मग युरिया

सोयाबीन निघाले की औंढा नागनाथ परिसरातल्या काळ्या रानात बहुतेकांचा हात हरभऱ्याकडे जातो. सूर्यफुलाचा पेरा मराठवाड्यात पूर्वीसारखा राहिलेला नाही. तरी ज्यांच्याकडे निचऱ्याची भारी जमीन आणि विहिरीच्या किंवा सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याच्या दोन-तीन पाळ्या आहेत, त्यांनी ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा या काळात वाफशावर पेरणी करून पाहावी.

सोयाबीन फांद्या करून मोकळी जागा भरून काढते. सूर्यफुलाला ते जमत नाही. एका ताटाला एकच फूल, त्यामुळे तूट पडली की पडलीच. भारी जमिनीत, संकरित वाणासाठी ६० × ३० सेंमी अंतर ठेवा, म्हणजे एकरी साधारण २२ हजार रोपे बसतात. मध्यम जमिनीत ४५ × ३० सेंमीवर ती ३० हजारांच्या आसपास जातात. उगवणीनंतर १० ते १५ दिवसांत विरळणी करून एका जागी एकच जोमदार रोप राखा. महागाचे बियाणे पेरल्यावर रोप उपटायला जीव होत नाही, हे खरे. पण दाटीत ताट उंच आणि बारीक होते, फूल जेमतेम वाटीएवढे राहते. उलट फार विरळ पिकात फुले थोराड दिसतात, बांधावरून जाणारे कौतुकही करतात, मात्र एकरी उतारा घटतो.

विरळ पिकाची भरपाई युरियाने करायला जाल तर फसाल. जादा नत्राने पाला माजतो, ताटे लोळतात, तुडतुडे वाढतात आणि दाण्यातले तेल कमी होते. बागायतीला हेक्टरी ६० किलो नत्र पुरे. एकराच्या हिशेबाने ते साधारण ५२ किलो युरियाएवढे होते. निम्मे नत्र पेरणीबरोबर स्फुरद-पालाशसोबत द्या, निम्मे महिन्याने कोळपणी करून ओलीवर. डीएपी वापरला असेल तर त्यातले नत्र हिशेबातून वजा करा; ते बहुतेकजण विसरतात. कोरडवाहूला हेक्टरी ५० किलो पेरणीच्या वेळीच द्यावे. माती तपासलेली असेल तर अहवालाप्रमाणे मात्रा बदला.

फुलाच्या मधले दाणे पोचट राहिले की पुन्हा युरियाचीच आठवण होते. तिथे बहुधा मधमाश्या कमी पडलेल्या असतात, नाहीतर बोरॉन, नाहीतर दाणे भरताना पाणी. पाकळ्या उमलू लागताच लिटरला २ ग्रॅम बोरॅक्सची फवारणी घ्या, आणि फुलोऱ्यात सकाळच्या वेळी कीटकनाशक मारू नका.