सिगारेट सोडणाऱ्याने हाती काय घ्यावे?



धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघाले की वाटेत नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गाचे स्थानक, औद्योगिक वसाहत, महामार्गावर विसाव्याला थांबणारे मालट्रक आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या चहाच्या टपऱ्या, असे हे गाव आहे. रात्रपाळी आणि सिगारेट यांची सोबत अशा गावांत फार जुनी असते. येथील एका तरुणाने जुमाच्या नमाजनंतर मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. तो कारखान्यात पाळीने काम करतो आणि दिवसाला दहा सिगारेटी ओढतो. दुबईहून सुटीवर आलेल्या चुलतभावाने त्याला पेनाएवढे एक यंत्र भेट दिले होते. ते खिशातून अर्धेच बाहेर काढून त्याने विचारले, “सिगारेट तर सोडायचीच आहे. पण नवशिक्याने यातले कोणते घ्यावे? साधे, स्वस्त, कमी निकोटीनचे एखादे सांगा.”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कर्माचे मोल हेतूवर ठरते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी शरीफच्या अगदी पहिल्या हदीसमध्ये आली आहे. या तरुणाचा हेतू सुटकेचा होता. ‘हराम आहे, फेकून दे’ एवढे सांगून त्याला वाटेला लावले असते तर तो संध्याकाळी पुन्हा टपरीवरच दिसला असता. आपल्याकडे उपदेश पुष्कळ होतो, परंतु व्यसनातून बाहेर पडण्याचा रस्ता दाखवणारे थोडे आहेत. म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

प्रथम ते यंत्र काय आहे ते पाहू. ई-सिगारेट किंवा व्हेप यात एक बॅटरी असते, तापणारी तारेची गुंडाळी असते आणि तिच्याभोवती द्रवात भिजलेला कापूस असतो. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. ओढताच गुंडाळी तापते, द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते फुप्फुसांत जातात. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसते किंवा अत्यल्प असते. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवा प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी हे साधन सुचवते, हेही खरे आहे. मात्र तेथे द्रवातील निकोटीन एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये, असे कायद्याचे बंधन आहे. विकणारा उघड दुकानदार आहे आणि त्याला जाब विचारता येतो.

आपल्या देशात स्थिती वेगळी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. साठा करणेही दंडनीय आहे. चुलतभावाने दुबईहून बॅगेत घालून आणलेले यंत्र आयातीच्या कलमातून सुटत नाही. तेथे ते उघड विकले जाते म्हणून येथे ते चालते असे होत नाही.

म्हणजे नरडाण्याच्या तरुणाला जे यंत्र मिळेल ते चोरट्या मार्गाचेच असणार. बाटलीवर काय छापले आहे आणि आत काय आहे, याचा मेळ घालणारा कोणी नाही. हा धोका काल्पनिक समजू नये. अमेरिकेत २०१९ साली अशा यंत्रांमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ जण दगावले. तपासात मुख्य दोष आढळला तो अनधिकृत मार्गाने आलेल्या गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाचा. ज्यांनी ते ओढले त्यांना आत काय आहे हे ठाऊक नव्हते.

निर्धोक धुराचा शोध हा काही आजचा नाही. इसवी सन १६०४ च्या सुमारास अकबर बादशाहाचा अधिकारी असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. खानदेश मोगलांच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. उत्तरेत त्याने कधी न पाहिलेली तंबाखू त्याला विजापुरात दिसली. ती आणि रत्नजडित नळी घेऊन तो परतला आणि बादशाहापुढे ठेवली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, तोच हकीम अली पुढे झाले आणि त्यांनी मनाई केली. असद बेग म्हणाला की युरोपातील लोकांना हिचे गुण ठाऊक आहेत. हकिमांचे उत्तर असे की आमच्या जाणत्यांनी पारखलेली नाही अशी वस्तू केवळ परके वापरतात म्हणून आम्ही घेणार नाही. असद बेगनेही चोख प्रत्युत्तर दिले : प्रत्येक रूढी कधीतरी नवीच होती. बादशाहाने स्वतः सवय लावून घेतली नाही, पण असद बेगने आणलेला माल सरदारांत वाटला गेला, व्यापाऱ्यांनी ती विकायला घेतली आणि सवय झपाट्याने पसरली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, तोवर उशीर झाला होता. पुढे धूर पाण्यातून गेला की निर्दोष होतो अशी समजूत रूढ झाली आणि हुक्का घरोघर आला. आज आपल्याला माहीत आहे की पाणी धूर थंड करते, त्यातील विष काढून घेत नाही. हकीम अलींच्या हाती त्या दिवशी पुरावा नव्हता, तरी त्यांचा सावधपणा मला असद बेगच्या हजरजबाबीपणापेक्षा वजनदार वाटतो.

तंबाखू प्रेषितांच्या काळात अरबस्तानात नव्हती, म्हणून तिचे नाव कुरआनात किंवा हदीसमध्ये येत नाही. ती आली तेव्हा उलेमांत तीन मते झाली : कोणी मुबाह म्हटले, कोणी मकरूह, कोणी हराम. हानी जसजशी सिद्ध होत गेली तसतसा कल निषेधाकडे झुकला. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, असा आदेश सूरह अल-बकराच्या १९५ व्या आयतीत आहे. स्वतःलाही हानी नको आणि दुसऱ्यालाही नको, हा नियम इब्ने माजा आणि मुवत्ता या दोन्ही संग्रहांत मिळतो. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये असे बुखारी व मुस्लिम यांत आहे. सफमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्याला सिगारेटच्या दर्पाने काय होते ते ज्याने अनुभवले असेल त्याला या हदीसचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

येथे कोणी विचारील, ‘अडचणीत निषिद्धही चालते ना? मग सिगारेटपासून सुटण्यासाठी व्हेप का नको?’ प्रश्न योग्य आहे. परंतु फिकहचा हा नियम अनुमत पर्याय उरला नसेल तेव्हाचा आहे. येथे पर्याय आहे, तो कायदेशीर आहे आणि औषधाच्या दुकानात मिळतो. त्यामुळे त्या यंत्रासाठी नाइलाजाचा आधार घेता येत नाही.

तो पर्याय म्हणजे निकोटीनचे च्युइंगम, गोळी किंवा पट्टी. माणसाला सिगारेटशी बांधते ते निकोटीन. मारते ते मुख्यतः धुरातील डांबर आणि वायू. शरीराला मोजके निकोटीन धुरावाचून द्यायचे आणि ते आठवड्या-आठवड्याने कमी करत शून्यावर आणायचे, असा हा उपचार आहे. सवय टिकवण्यासाठी नव्हे तर मोडण्यासाठी ते घेतले जाते, म्हणून त्याला व्यसनाच्या नव्हे, औषधाच्या खात्यात धरणेच मला योग्य वाटते.

नवशिक्याची निवड येथे करायची आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचे गम, त्यानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमचे. दोन मिलिग्रॅमचे सहज मिळते, चारसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. पुष्कळ लोक ते साध्या च्युइंगमसारखे चघळत राहतात, मग उचकी लागते, पोटात मळमळते, आणि ‘हे काही कामाचे नाही’ म्हणून फेकून देतात. चूक वस्तूची नसते, रीतीची असते. गम सावकाश चावावे. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली की थांबून ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे. चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावावे. असे सुमारे अर्धा तास. घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी किंवा थंड पेय घेऊ नये, कारण त्यांच्या आम्लामुळे निकोटीन शोषले जात नाही. खानदेशात टपरीवरची सिगारेट चहाबरोबरच येते, तेव्हा ही सूचना विशेष लक्षात ठेवावी. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. बारा आठवड्यांत हिशेब संपतो. दिवसात चोवीसच्या वर कधीही नाही. जमाअत उभी राहण्याआधी ते काढून चूळ भरावी, हे सांगण्याची गरज नसावी.

पट्टी सकाळी कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावायची आणि जागा रोज बदलायची. दिवसाला दहापेक्षा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमच्या, दहा किंवा कमी ओढणाऱ्याने १४ च्या पट्टीपासून आरंभ करावा. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, किंवा स्त्री गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

रमजानमध्ये हा फरक महत्त्वाचा ठरतो. सिगारेट, व्हेप, गम यांनी रोजा मोडतो. पट्टीचे तसे नाही : त्वचेतून शोषल्या जाणाऱ्या औषधी पट्ट्यांनी रोजा मोडत नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या जेद्दाह येथील बैठकीत दिला आहे. तेव्हा सहरीनंतर पट्टी आणि इफ्तारनंतर ठरल्या मापाने गम, अशी घडी डॉक्टरांच्या सल्ल्याने बसवता येते. जो माणूस तेरा-चौदा तास सिगारेटवाचून राहू शकतो त्याने ‘मला जमत नाही’ असे म्हणू नये. अडचण असते ती मगरिबनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांची.

हातालाही काहीतरी लागते. त्यासाठी मिस्वाक आहे. प्रत्येक नमाजच्या वेळी ती करण्याची प्रेषितांना किती आवड होती हे आपण जाणताच, आणि ती रोज्यातही चालते. बडीशेप, लवंग, फुटाणेही खिशात ठेवावेत. सुपारी मात्र नको, तिने स्वतंत्रपणे तोंडाचा कर्करोग होतो. येथे आपल्या भागाचा एक मोठा सापळा सांगितला पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के लोक तंबाखू चघळतात किंवा मिश्री लावतात. सिगारेट सुटली आणि हातावर चुना-तंबाखू आली, असे कितीतरी जणांचे होते. व्हेपला ‘निदान धूर तरी नाही’ म्हणून कवटाळणे आणि मळलेल्या तंबाखूला त्याच कारणाने कवटाळणे, यांत मला फारसा भेद दिसत नाही.

सिगारेट सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण जातो. चिडचिड, निद्रानाश, भूक हे सर्व होते. तीन-चार आठवड्यांत ओसरते. घरच्यांनी त्या काळात त्याला बोल लावू नये. एकट्याला जड वाटले तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येते.

पैशाचे म्हणाल तर दिवसाला शंभर रुपये धरले तरी वर्षाचे साडेछत्तीस हजार होतात. चौदा लाख साठ हजारांच्या मालमत्तेवर जितकी जकात द्यावी लागते तितकी ही रक्कम. संपत्ती कोठून मिळवली आणि कशात घालवली हे विचारले जाणार आहे, अशी तिरमिजीत हदीस आहे. त्या तरुणाला मी हा आकडा सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

राहिले त्याच्या खिशातील यंत्र. ते विकणे हा गुन्हा आहे. मित्राला ‘तुला हवे तर घे’ म्हणून देणेही बरे नाही, पापाच्या कामात एकमेकांना साहाय्य करू नये असे सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत बजावले आहे. घंटागाडीतही टाकू नये, कारण आतील लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेते. ते विद्युत कचरा गोळा करणाऱ्याकडेच जायला हवे. त्याने ते त्याच दिवशी खिशातून काढले. सिगारेटची तारीखही ठरवली आहे : रात्रपाळी संपून दिवसपाळी सुरू होते तो सोमवार. पहिला आठवडा रात्री जागण्याच्या वेळा टाळाव्यात, हे त्याचे त्यालाच सुचले होते.