सही करण्याआधी

सही कुठंच करू नकोस, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. काल फोनवर तू दबक्या आवाजात बोलत होतीस, वहिनी जवळपास असणार हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मीही आवरतं घेतलं. आता सवडीनं लिहिते. एकटी असशील तेव्हा वाच.

दादा म्हणतो, "तुला काय कमी पडू देणार आहे का मी? बसल्या जागी दोन वेळचं मिळतंय. हक्कसोडपत्रावर सही केली तर तुझं काय जातंय?" दादा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लहानपणी तुला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेणारा तोच. पण अगं, प्रेमाच्या माणसाचाही हिशेब एकतर्फी असू शकतो, आणि हा हिशेब काही त्यानं आज शोधून काढलेला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हेच आहे. जन्मांध, बहिरे, मुके, वेडे, एखादं इंद्रिय नसलेले, यांना वडिलांच्या धनात वाटा नाही. आणि लगेच पुढच्याच श्लोकात, त्यांना जन्मभर अन्नवस्त्र मात्र द्यावं, न देणारा पापी. म्हणजे ताट द्यायचं, वाटा नाही द्यायचा. दादानं मनुस्मृती कधी उघडलेली नसेल, तरी तो बोलला तेच. नरहर कुरुंदकरांनी याच मनुस्मृतीची चिकित्सा करणारी व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तकही निघालं. ज्यांच्या आडनावातच आपलं कुरुंदा गाव आहे, त्यांच्या गावात तरी हा वाटणीचा हिशेब मनूच्या वहीतून व्हायला नको.

कायद्यानं ती वही कधीच मिटवली आहे. ब्रिटिश मुलखात 1928 साली एक कायदा झाला आणि अपंगत्वाची ही आडकाठी बरीचशी निघाली. आपला भाग तेव्हा निजामाकडं होता. पुढं 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्याचं 28 वं कलम दोन ओळींचं आहे, पण मला फार आवडतं. कुठल्याही रोगामुळं, दोषामुळं किंवा व्यंगामुळं कुणाचा वारसा जात नाही, एवढंच ते सांगतं. मुलगी म्हणून तुझा वाटा वेगळा आहेच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीनं दिला, आणि तो जन्मापासूनचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये पक्कं केलं. "लेक परक्याची" आणि "तिला काय करायचीय जमीन", ही दोन्ही तोंडं तुझ्यापुरती तरी बंद झालेली आहेत.

आता तुझ्या उपयोगाची खरी गोष्ट. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. लोकांना त्यातलं नोकरीतलं 4 टक्के आरक्षण तेवढं माहीत असतं. 13 वं कलम कुणी वाचत नाही. दिव्यांग माणसाला इतरांसारखीच मालमत्ता बाळगता येते, वारशानं मिळते, स्वतःचा पैशाचा व्यवहार स्वतः बघता येतो, बँकेचं कर्ज घेता येतं, हे त्यात आहे. आणि पुढं म्हटलंय की, तुला व्यवहारात मदत करणाऱ्याचा स्वतःचाच त्या व्यवहारात तुझ्याविरुद्ध स्वार्थ असेल, तर त्यानं त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. मदतीच्या नावाखाली दबाव तर आणायचाच नाही. इथं काय चाललंय बघ. कागद दादानं करून आणला, त्यात काय आहे ते दादाच समजावतोय, साक्षीदार त्याचे, आणि जमीन जाणार त्याच्याच नावावर. नुसता भाऊ आहे म्हणून कायदा कुणावर संशय घेत नाही, पण असा व्यवहार तो डोळे मिटून सोडतही नाही.

हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकांकडं जावं लागतं. तिथं "राजीखुशीनं करताय ना" असं विचारतील. तेव्हा नाही म्हणायला जीभ उचलणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. माझ्या पायात कॅलिपर आहे, मीही दुसऱ्यांच्या गाडीतून, दुसऱ्यांच्या सवडीनं कचेऱ्यांत गेले आहे. ज्याच्या गाडीतून परत घरी यायचं, त्याच्यासमोर नाही म्हणवत नाही. म्हणून त्या गाडीत बसूच नकोस.

त्याऐवजी तलाठ्याकडं लक्ष ठेव. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोण म्हणणार!) वडिलांच्या, अप्पांच्या, माघारी वारसाचा फेरफार धरला असेल किंवा धरला जाईल. त्याची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. त्यात तुझं नाव नसेल तर साध्या कागदावर लेखी हरकत दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच नसेल तर तू तिथं गेलीच नव्हतीस असं समज. हरकत आली की मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

पण त्याआधी दादाशी बोल. भांडायला नाही, तोडगा घेऊन. सातबारावर तुझ्या हिश्श्याला तुझं नाव लागू दे, कसायचं त्यानंच. बटईनं म्हण, ठोक्यानं म्हण, वर्षाचा करार लिहून ठेव. हळद वसमतच्या मोंढ्यात गेली की तुझे पैसे तुझ्या खात्यावर. त्याची शेती मोडत नाही, तुझं नावही राहतं. मला वाटतं दादा ऐकेल. त्याला भीती जमीन जाण्याची आहे, तुझी नाही.

ऐकलं नाही तर? "बघू कोण खाऊ घालतं ते" असं कुणी बोललं तर मनात धरून रडत बसू नकोस. ज्याच्या ताब्यात दिव्यांग माणूस आहे त्यानं जाणूनबुजून अन्नपाणी तोडणं हा त्याच 2016 च्या कायद्याच्या 92 व्या कलमाखाली गुन्हा आहे. चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, कुबडी मोडणं, तेही त्यातच. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. गावातच पोलीस ठाणं आहे, ही आपली सोय. छळाची तक्रार गेली की संरक्षण कुणाकडं मागायचं, फुकट वकील कुठं मिळतो, हे पोलिसांनी स्वतःहून सांगायचं असतं, असं 7 वं कलम म्हणतं. फार थोड्या ठिकाणी सांगतात, म्हणून तूच त्यांना सांग. पण हे शेवटचं पान आहे. पहिल्याच डावात टाकू नकोस.

आणखी एक भीती तुला घालतील, की जमीन नावावर आली तर निराधारचा पगार बंद होईल. 2025 मध्ये दिव्यांगांसाठी तो पंधराशेचा अडीच हजार झाला, तेव्हा सोडवत नाही हे खरं. दिव्यांगांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 50,000 रुपयांची आहे. तुझ्या हिश्श्याचं उत्पन्न धरून ते कुठवर जातं ते आधी नीट मांड. ओलांडलंच, तर पगार सोड. पगार सरकारच्या एका निर्णयानं वाढतो आणि दुसऱ्यानं थांबतो. जमिनीचं तसं नाही.

तुझं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जुनं, कागदी आहे ना? यूडीआयडी कार्ड काढून घे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. 40 टक्क्यांपासून पिवळं कार्ड, 80 पासून निळं. टक्के कमी लावले असं वाटलं तर अपील करता येतं, डॉक्टरचा शब्द शेवटचा नसतो. उलटही होतं. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला बोलण्यातलं अपंगत्व 40 च्या वर आहे म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, नुसत्या आकड्यावर कुणाला बाद करता येणार नाही, तो माणूस शिकू शकतो का ते बघा. त्याला प्रवेश मिळाला. टक्के सवलतीसाठी असतात, लायकी मोजायला नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हेही गावात कुणी बोलत नाही. ग्रामसभेत विचार. उडवाउडवी झाली तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात माग, की किती आले, कुणाला दिले. एकटी जाऊ नकोस. गावात तुझ्यासारखे आणखी आहेत, आणि ज्यांना कळतच नाही की आपणही यात मोडतो, तेही आहेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत, सिकलसेल आणि थॅलेसेमियासुद्धा.

आणि कचेरी वरच्या मजल्यावर असली तर जिना चढत बसू नकोस. साहेबांना खाली बोलाव. यात उद्धटपणा काही नाही. 2023 मध्ये मुंबईत विराली मोदी व्हीलचेअरवरून लग्न नोंदवायला गेल्या. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. त्यांना उचलून वर न्यावं लागलं. त्यांनी ते गप गिळलं नाही, जगजाहीर केलं, आणि उपमुख्यमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ते मुंबईत झालं, कुरुंद्यात कोण ऐकणार, असं म्हणशील. अर्जात लिहून दे ना, "मला जिना चढता येत नाही, माझा जबाब खाली घ्यावा." लेखी आलं की साहेबालाही उत्तर द्यावं लागतं.

कागदपत्रं सगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेव. 2022 च्या जुलैत गावात पाणी कसं घुसलं ते आठवतंय ना. आधार, प्रमाणपत्र, अप्पांचा मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ चे उतारे. दोन झेरॉक्स माझ्याकडं पाठव.

वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. दिव्यांग माणसाला आणि बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, 1987 च्या कायद्यानं. तू तर दोन्हीकडून बसतेस. वसमतच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज द्यायचा. आधी 15100 ला फोन लाव, पैसे पडत नाहीत. एसटीला तुला 75 टक्के सवलत आहे, कार्ड जवळ ठेव. जायचं ठरलं की कळव, मी नांदेडहून वसमतला येते. आणि दादानं पुन्हा कागद पुढं केला तर एवढंच म्हण, "ताईला वाचून दाखवते, मग बघू."