आधी पैसे, मग पुस्तक

इंग्लंडमधल्या लडलो गावातून १९८४ मध्ये ‘क्रॅश’ मासिक सुरू झालं, स्पेक्ट्रम कॉम्प्युटरच्या गेम्सचं. १९९२ मध्ये ते बंद पडलं. २०१७ मध्ये जुन्या वाचकांनी किकस्टार्टरवर चक्क काँट्री काढून त्याचा वार्षिकांक पुस्तकरूपात छापवला!

मला यातलं छपाईचं गणित आवडलं. ऑफसेटच्या प्लेट्सचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारांना. म्हणून गिऱ्हाईक आधी मोजायचं. आपली प्रकाशनपूर्व नोंदणी तेच करते. पण इथे ठरलेली रक्कम जमली नाही, तर कुणाचाच पैसा कापला जात नाही. जमली, तरी पुस्तक मिळेलच ही हमी साइट देत नाही. तेव्हा मित्रांनो, पैसे भरण्याआधी माणसं बघा. ‘क्रॅश’च्या पुस्तकात मूळ मुखपृष्ठकार ऑलिव्हर फ्रे स्वतः होते.