वनविहार : नागझिरा आणि कोका यांच्या निमित्ताने

'जंगलात जाणे' या शब्दप्रयोगाला आपल्या जिल्ह्यात दोन अर्थ आहेत. शहरातला मनुष्य जंगलात जातो तो सुटी घालवावयास. जंगलाच्या काठच्या गावातला मनुष्य जातो तो कामाला. त्याला तेथून मोह, तेंदूपत्ता, सरपण, बांबू आणि ढोरांसाठी चारा आणावयाचा असतो. एखाद्या जंगलाचे अभयारण्य झाले की पहिल्या जाण्यासाठी तिकीट मिळू लागते आणि दुसऱ्या जाण्याला अटकाव होतो. वनविहाराविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा पहिल्या अर्थाने. प्रस्तुत लेखात हे दोन्ही अर्थ एकत्र ठेवून पाहावयाचे आहेत. कारण आपल्या विहाराची सगळी किंमत प्रवेशद्वारावर भरलेल्या पैशांत येत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम भूगोल. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन्ही नावे भंडारा जिल्ह्याचीच म्हणून ओळखली जात. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. विभाजनानंतर नवेगाव सर्वस्वी गोंदियाकडे गेले. नागझिऱ्याचा बराच भागही तिकडे गेला, परंतु पिटेझरी व उमरझरी ही त्याची दारे साकोली तालुक्यात, म्हणजे आपल्याकडेच राहिली. पुढे २०१२ मध्ये उमरेड-पवनी-करांडला आणि २०१३ मध्ये कोका ही अभयारण्ये जाहीर झाली. कोका तर भंडारा शहरापासून विसेक किलोमीटरवर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, नवेगाव, कोका आणि त्यांना जोडणारी वने मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला.

या भागातील गावांची नावे जरा मोठ्याने वाचून पाहावीत. नागझिरा, पिटेझरी, उमरझरी, मंगेझरी. प्रत्येक नावात पाणी झिरपते आहे. लोकांनी जंगल ओळखले ते पाण्यावरून, वाघावरून नव्हे. आणि हे पाणी सगळेच निसर्गाने दिलेले आहे असेही नाही. ज्या नवेगावबांधच्या तलावाभोवती राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, तो तलाव मनुष्याने बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे परंपरा सांगते. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या यांनी हा सारा मुलूख भरलेला आहे, आणि आज त्यांतील काहींच्या काठावर आपण 'निसर्ग' पाहावयास जातो. श्रमाने निर्माण झालेली वस्तू काही पिढ्यांनंतर निसर्ग म्हणून पाहिली जाते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

आता कायद्याकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत भेद केला आहे. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते ठेवता येत नाहीत. दोन्ही ठिकाणी परवान्यावाचून प्रवेश नाही. परंतु परवाना ज्या कारणांसाठी मिळू शकतो त्यांत अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन आहे. वनातील कोणतीही वस्तू बाहेर नेणे मात्र निषिद्ध आहे, आणि फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाळलेली झाडे व गवतसुद्धा काढण्यास मनाई केल्यापासून हा निषेध अधिकच कडक झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले आणि ते अभयारण्यांनाही लागू केले. हे दोन कायदे एकमेकांशेजारी कसे नांदतात हा राज्यशास्त्राच्या प्रबंधाचा विषय आहे. येथे त्यात शिरत नाही. गावकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर सरळ हिशेब असा, की कॅमेरा घेऊन आत जाता येते, टोपली घेऊन जाता येत नाही.

टोपलीत काय येत होते हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. त्याची मांसल, गोड फुले रात्रभर गळत राहतात आणि पहाटे ती वेचावी लागतात. उन्हे चढली की वेचणाऱ्याचे हाल, आणि उशीर झाला की चितळांनी व ढोरांनी ताव मारलेला. घरातील बायका-पोरे अंधार असतानाच निघतात. झाडाखाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही म्हणून तो जाळतात. वाळविलेला मोह घरी ठेवता येतो, खाता येतो, विकता येतो. मोह सरतो न सरतो तोच तेंदूचा हंगाम येतो. पाने तोडून, पुडे बांधून फळीवर नेऊन द्यावयाचे, असा तो मे महिन्यातला रोखीचा धंदा. धानाची एकपिकी शेती असलेल्या घराला पावसाळ्यापूर्वी बी-बियाण्यासाठी लागणारा पैसा याच दोन हंगामांतून येतो. गोंदिया-भंडारा भागातील विडीचा धंदा याच पानावर उभा राहिला.

नेमक्या याच दिवसांत अभयारण्यातील पर्यटनाचा हंगाम ऐन भरात असतो. हा योगायोग नव्हे. आपली वने शुष्क पानझडीची. साग, ऐन, धावडा, तेंदू, बिजा यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडी गळू लागतात आणि पावसाळ्यात दहा हात पलीकडचे दिसत नव्हते तेथे दूरवर नजर जाऊ लागते. नाले आटतात, डबकी सुकतात आणि जे पाणवठे उरतात तेथे सगळ्यांना यावेच लागते. ज्या उष्णतेमुळे गवा आणि सांबर आपल्या दृष्टीस पडतात, त्याच उष्णतेने मोह गळतो, तेंदूला कोवळी पालवी फुटते आणि पाचोळा पेटावयास तयार होतो. मोह अस्वलालाही अतिशय आवडतो. पहाटेच्या अंधारात एकाच झाडाखाली अस्वल आणि मोह वेचणारी बाई यांची गाठ पडली की काय होते, हे आमच्याबरोबर शिकणाऱ्या जंगलकाठच्या मुलांना विचारावे.

आणि वणवा. तो विझविण्याचे काम उन्हाळ्यापुरते नेमलेल्या मजुरांकडे असते. हे मजूर याच गावांतले. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझविताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मरण पावले. आपण ज्या उन्हाळ्यात 'वाघ दिसला का?' असे एकमेकांस विचारीत होतो, तो हाच उन्हाळा. वनविहाराची किंमत म्हणतो ती अशी. ती आपण देत नाही.

वाघाविषयी थोडे. नागझिऱ्यात २०१० मध्ये जन्मलेला 'जय' हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-करांडल्यात जाऊन पोहोचला आणि त्याच्यामागे गाड्यांची रीघ लागली. एप्रिल २०१६ नंतर तो कोणास दिसला नाही. एक वाघ गेल्याबरोबर एका अभयारण्याकडील ओघ ओसरू लागावा, यातच आपल्या विहाराचे स्वरूप उघड होते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुरदोलीजवळ गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मोटारीच्या धडकेने एक वाघ मेला. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग जातो हेही ध्यानात ठेवावे. वाघाला जंगलापेक्षा दोन जंगलांमधला रस्ता अधिक घातक आहे, आणि तो रस्ता वापरणारे आपणच आहोत.

जिप्सीत बसून जो विहार होतो त्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. चालकाचे लक्ष रस्त्यावरील पाऊलखुणांकडे, गाईडचे लक्ष चितळाच्या इशाऱ्याकडे, पाहुण्यांचे लक्ष घड्याळाकडे. पुढून येणाऱ्या गाडीला एकच प्रश्न. उत्तर नकारार्थी आले की दोन्ही बाजूंचे जंगल जणू रिकामे होते. वास्तविक नागझिऱ्याची खरी ओळख रानकुत्र्यांची. ते दिवसा, टोळीने शिकार करतात आणि पांगले की शिळेसारखा आवाज काढून एकमेकांना गोळा करतात. इंग्रजांच्या काळात ते मारणाऱ्याला इनाम मिळे. आज त्यांना मारणे गुन्हा आहे. एका पशूविषयी शंभर वर्षांत सरकारचे मत इतके उलटे फिरावे, हा इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखा दाखला आहे. तलावावर मत्स्यगरुड बसलेला असतो. मार्चमध्ये कुसुमाची कोवळी पाने तांबडीलाल होतात तेव्हा दुरून ते झाड फुलल्यासारखे वाटते. वारुळे आहेत, कोळ्यांची जाळी आहेत, फुलपाखरांची तर गणतीच नाही. यांतले काहीही गाडीच्या वेगाने दिसत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून त्याच नावाचे पुस्तक लिहिले; किरण पुरंदरे तेथे चारशे दिवस राहिले; मारुती चितमपल्लींनी नवेगावला वनाधिकारी म्हणून वर्षे काढली. या तिघांत समान गोष्ट कोणती, तर मुक्काम. त्यांना जंगल दिसले ते थांबल्यामुळे. आज त्यांच्यासारखे पायी हिंडणे सामान्य पाहुण्याला शक्य नाही आणि हजारो लोक येऊ लागल्यावर ते शक्य असूही नये. थांबणे मात्र शक्य आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. पूर्वी ती गणना समजली जाई. आता गणनेसाठी स्वयंचलित कॅमेरे आले आणि मचाणाची रात्र 'निसर्गानुभव' या नावाने नागरिकांसाठी राहिली. शास्त्राच्या दृष्टीने ती गणना कच्ची होती हे खरे, कारण एकच सांबर दोन पाणवठ्यांवर मोजले जाऊ शकते. परंतु मनुष्याने बारा तास न बोलता एका डबक्याकडे पाहत बसावे, याची सोय आपल्या शिक्षणक्रमात दुसरीकडे कोठेही नाही. रातवा ओरडतो, पाचोळा वाजतो, पुष्कळदा काहीच येत नाही. आम्हांस विहाराचा हाच प्रकार सर्वांत उंचीचा वाटतो.

पैशाचा प्रश्न उरतो. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबविले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा परवानगी दिली, ती गाभ्याच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक भागात पर्यटन नको, या नियमासह. प्रकल्पाच्या प्रतिष्ठानात प्रवेशशुल्क जमा होते आणि ते संरक्षणासाठी व गावांसाठी वापरावयाचे असते. काठच्या गावांतील मुले गाईड म्हणून काम करतात, गाड्या चालवितात. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅसही गावात आला आणि सरपणासाठी जंगलात जाण्याचे एक कारण कमी झाले. ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण गाईडचे काम गावातल्या काही तरुणांना मिळते, मोहाचे झाड मात्र सगळ्या घरांचे होते. म्हातारीलाही मोह वेचता येत असे. तिला गाईड होता येत नाही. भरपाईचा विचार करताना ही बाब हिशेबाच्या वहीत कोठे लिहावयाची, हे अद्याप कोणी नीट सांगितलेले नाही.

आपल्या महाविद्यालयाची सहल दर वर्षी निघते. ती एकदा कोक्याला नेण्याची सूचना येथे करावीशी वाटते. एस.टी.ने सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल इतके ते जवळ आहे. प्रत्येकाजवळ वही असावी. एक फेरी अभयारण्यात, आणि तेवढाच वेळ बाहेरच्या एखाद्या गावात, ओसरीवर. मोह कोठे वेचता, पूर्वी कोठे वेचत होता, रानडुकरे धानात शिरतात तेव्हा रात्री राखणीला कोण जाते, नुकसानीचा अर्ज कोठे करावा लागतो आणि पैसे केव्हा येतात, असे प्रश्न विचारावेत. भूगोल, समाजशास्त्र आणि मराठी या तिन्ही विभागांना त्यातून वर्षभर पुरेल इतके काम मिळेल. आमच्यापैकी पुष्कळ जणांना त्यासाठी परक्याच्या ओसरीवर जाण्याचेही कारण नाही. साकोली, लाखनी, पवनीकडील मित्रांची घरे तेथेच आहेत.

सहल मात्र जूनच्या आधी काढावी. पहिले पाऊस पडू लागले आणि झाडीत नवरंगाची शीळ ऐकू येऊ लागली की अभयारण्याचे दार पावसाळ्यापुरते बंद होते. आग राखणारे मजूर घरी येतात, जिप्सी झाकून ठेवल्या जातात आणि मे महिन्यात आपल्याला पाणवठ्यावर बोट ओठांवर ठेवून गप्प बसविणारा गाईड गुडघाभर चिखलात रोवणीला उभा असतो.