दिवे टांगायला पाठवायचं का?

एप्रिल उजाडला की माझ्याकडे येणारी पत्रं उघडायच्या आधीच कळतात. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांचे पालक विचारतात, फाउंडेशन बॅच मेपासून लावायची की जूनपासून? बारावीचे पालक सीईटीच्या आकड्यांत अडकलेले असतात. गेल्या काही वर्षांत तिसरा प्रश्न वाढला आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला उन्हाळ्यात मोठ्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली नाही, आता त्याचं कसं होणार?

पहिल्या दोन प्रश्नांना या पानावर अनेकदा उत्तरं दिली आहेत. मे महिना घरी काढला म्हणून कुणाचं आयुष्य हुकलेलं मी पाहिलेलं नाही. मे महिनाही क्लासला गेला म्हणून अकरावीच्या दिवाळीतच थकलेली मुलं मात्र भरपूर पाहिली आहेत. एवढं सांगून मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण यंदा तो वेगळ्याच रूपात आला.

पत्र न्यू जर्सीहून आलं आहे. वडील मूळचे आपल्याकडचे, आता तिथे स्थायिक. मुलगी तिथेच जन्मली, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपवते आहे. बरोबरीची मुलं नावाजलेल्या कंपन्यांत निघाली आहेत. हिनं कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका लहान गावातल्या थिएटरात तीन महिने बॅकस्टेजचं काम पत्करलं आहे. वडील लिहितात, ‘दिवे टांगायचे आणि सेट हलवायचा. यासाठी तिला शिकवलं का? इथल्या ओळखीच्यांना काय सांगायचं?’

काका, तुमचं खरं पत्र त्या शेवटच्या प्रश्नात आहे. त्याच्याकडे येतेच. आधी ती मुलगी नेमकं काय करायला निघाली आहे ते पाहू.

तिचं थिएटर कोणतं ते इथे सांगत नाही. पण तसल्याच एका थिएटरची गोष्ट सांगते. कोलोरॅडोत क्रीड नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८,८०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही हजार मीटर उंच. वस्ती तीनशेच्या आत. १८९० च्या सुमाराला चांदी सापडली म्हणून वसलेलं हे गाव १९६० च्या दशकात खाणी थंडावल्यावर ओसरायला लागलं. गाव जगवण्यासाठी तिथल्या तरुण व्यापाऱ्यांच्या मंडळानं विद्यापीठांना पत्रं पाठवली, की उन्हाळ्यात येऊन आमच्याकडे नाटकं करा. कॅन्सस विद्यापीठातल्या स्टीव्ह ग्रॉसमन नावाच्या विद्यार्थ्यानं होकार कळवला. १९६६ च्या उन्हाळ्यात तो डझनभर विद्यार्थी घेऊन आला आणि गावच्या जुन्या सिनेमागृहात त्यांनी नाटकं उभी केली. क्रीड रेपर्टरी थिएटर तेव्हापासून चालू आहे. पुढे मोठा नट झालेला मॅन्डी पटिन्किन तरुणपणी तिथे काम करून गेला. खाणी बंद पडल्या आणि नाटकाच्या निमित्तानं गावात येणारा पाहुणा गावाचा आधार झाला.

अशा थिएटरात एकच नाटक तीन महिने चालत नाही. चार-पाच नाटकं आलटून पालटून चालतात. दुपारी एक, रात्री दुसरं, उद्या तिसरं. म्हणजे दुपारचा प्रयोग संपून प्रेक्षक बाहेर पडले की दिवाणखान्याच्या भिंती उतरवायच्या, विंगेत क्रमानं रचायच्या, त्या जागी जंगल किंवा खाणावळ उभी करायची, दिव्यांचा रोख बदलायचा, प्रॉपर्टीची टेबलं नव्यानं मांडायची. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात, प्रत्येक नाटकाचा रंग वेगळा. खुर्ची वीतभर सरकली तर नटाच्या तोंडावर अंधार येतो. या सगळ्याला हातात असतात दोन-तीन तास. रात्रीच्या प्रयोगाची वेळ बदलत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. रविवारी दुपारी दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग करून संध्याकाळी ठाण्याच्या गडकरीत तेच नाटक लावणारी आपली बॅकस्टेजची मंडळी हेच करतात, वर टेम्पोत सेट भरून ट्रॅफिकमधून नेतात. ‘तो मी नव्हेच’चा फिरता रंगमंच १९६२ पासून मराठी माणसाच्या कौतुकाचा विषय आहे. त्यातला लखोबा सगळ्यांना आठवतो. तो रंगमंच वेळेवर आणि धक्का न बसता फिरवणारे हात कुणाचे होते, हे आपण कधी विचारलं?

आता मुलीच्या शिक्षणाचं. अमेरिकेतल्या रंगमंचावर दिव्यांचं एक सर्किट सर्वसाधारणपणे २० अँपिअरचं असतं आणि वीज १२० व्होल्टची. म्हणजे २,४०० वॅट. जुन्या पद्धतीचा रंगमंचाचा एक दिवा ५७५ वॅटचा. चार दिवे लावले तर २,३०० वॅट, सगळं ठीक. पाचवा जोडला की सर्किट पडतं आणि रंगमंचाचा तो कोपरा काळोखात जातो. हा गुणाकार तुमच्या मुलीनं पहिल्या वर्षाच्या परीक्षेत केला असेल आणि गुणही मिळवले असतील. तिथे तो ती शिडीवर उभी राहून, एका हातात पाना धरून, खाली कुणीतरी वाट पाहत असताना करणार आहे. नवे एलईडी दिवे एका केबलच्या माळेत जोडतात. त्या माळेवर ५१२ वाहिन्या असतात आणि प्रत्येक दिव्याला आपला पत्ता द्यावा लागतो. एका दिव्याला दुसऱ्याचा पत्ता दिला गेला तर चंद्रप्रकाशाच्या प्रसंगात लाल उजेड पडतो. मग सहा माणसं, पंचवीस दिवे, चाळीस मिनिटं, चूक शोधायची. जुलै-ऑगस्टमध्ये त्या डोंगरात दुपारी वादळी पाऊस येतो, विजा पडतात, वीज जाते. तेव्हा काय करायचं, कुणाला आधी सांगायचं, प्रेक्षक कसे सावरायचे, हे तिथेच शिकतात.

अंधारात हेडफोनमधून स्टेज मॅनेजरचा आवाज येतो: तयार राहा. मग एक शब्द, आणि त्याच क्षणी बोट खाली. अर्धा सेकंद उशीर झाला तर नटाचं वाक्य पडतं. त्या चुकीला दुरुस्तीची मुदत नसते, तिची फेरपरीक्षा नसते, ‘सर, उद्या सबमिट करते’ नसतं. आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा असतो, त्यामुळे सुधारायची संधी मात्र रोज मिळते. विसाव्या वर्षी इतकं प्रामाणिक शिक्षण देणारी दुसरी जागा मला माहीत नाही. पुष्कळ मुलांची मोठ्या कंपनीतली इंटर्नशिप मी जवळून पाहिली आहे. आठ आठवडे, एक छोटं काम, जे ती मुलं गेल्यावर बाजूला ठेवलं जातं, आणि शेवटी एक सादरीकरण. त्यानं बायोडेटा सजतो, हे मी नाकारत नाही. पण त्या मुलांना मी विचारते की तुझ्या चुकीमुळे कुणाचं काही अडलं का? बहुतेक जण गप्प होतात. विसाव्या वर्षी कुणीही आपल्यावर विसंबून नसणं ही सोय नाही, तो तोटा आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ओळखीच्यांना काय सांगायचं.

आपण स्वतःला नाटकवेडी माणसं म्हणवतो. पहिल्या रांगेची तिकिटं काढतो, मध्यंतरात बटाटेवडा खात नेपथ्याचं कौतुक करतो. दामू केंकरे, रघुवीर तळाशिलकर ही नेपथ्यकारांची नावं घरात आदरानं घेतो. पण त्या नेपथ्याला खिळे ठोकणारे हात आपल्या घरातले असावेत, असं आपल्याला वाटत नाही. हातोडा, पाना, शिडी, दोरखंड ही ‘त्यांची’ कामं, आणि ‘ते’ म्हणजे कोण हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या नीट ठाऊक असतं. हा रोग परदेशी गेल्यानं बरा होत नाही. तुम्ही पत्रात लिहिलेलं ‘टांगायचे’ हे क्रियापद पाहा. हेच काम तिनं एखाद्या नामांकित कंपनीच्या प्रयोगशाळेत केलं असतं, तर तुम्ही ‘इन्स्टॉलेशन’ म्हणाला असतात.

हे मी कडक शब्दांत लिहिते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा आईवडिलांबरोबर माझ्याकडे आला. कॉलेजच्या एकांकिकेचा सेट त्यानं स्वतः बांधला होता, पुरुषोत्तम करंडकाच्या फेरीसाठी. महाराष्ट्रीय कलोपासक ही पुण्याची संस्था ही स्पर्धा १९६३ पासून घेते, आणि तिच्या तालमींत पुण्यातली कित्येक मुलं पहिल्यांदा करवत हातात धरतात. त्याला सुट्टीत एका व्यावसायिक नाटकाबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. वडिलांना क्लास हवा होता. मी वडिलांची बाजू घेतली. मुलगा क्लासला गेला, पुढे त्याला चांगली नोकरीही लागली. गेल्या वर्षी तो भेटला तेव्हा त्यानं तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, ‘मॅडम, त्या सेटनंतर मी उभी राहिलेली एकही वस्तू बनवली नाही.’ मला त्याच्याकडे बघवलं नाही.

म्हणून प्रत्येकानं जावं असं मी म्हणत नाही. ज्या मुलाला टाळ्या स्वतःसाठी हव्या आहेत त्यानं बॅकस्टेजला जाऊ नये. तो दुःखी होईल आणि इतरांना करील. उन्हाळी थिएटरांत पगार थोडा असतो. काही ठिकाणी तर शिकाऊ म्हणून फुकट राबवून घेतात. तेव्हा पालकांनी नातेवाइकांची काळजी करण्याऐवजी पुढच्या गोष्टी विचाराव्यात. आठवड्याचं मानधन किती, राहायची सोय कुणाची, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी आहे का, उंचीवर काम करताना पट्टा देतात का, आणि रात्री बारा वाजता काम संपलेल्या मुलांना सकाळी आठला करवतीवर उभं करतात का. या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर नकार द्या, मग थिएटर कितीही नामांकित असो. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांसाठी वेगळी सूचना: असं बाहेरचं काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं, आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची मंजुरी रुजू होण्याआधी घ्यावी लागते. तोंडी होकारावर निघू नका.

पुढे या क्षेत्रात राहायचंच असेल तर वाटा आहेत, त्या भराभर सांगते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी. अमेरिकेत प्रकाशयोजना, ध्वनी, तांत्रिक दिग्दर्शन यांच्या स्वतंत्र पदव्या आहेत. तिथल्या रंगमंच कामगारांची संघटना १८९३ पासूनची आहे. संग्रहालयं, मोठे सोहळे, इमारतींची प्रकाशयोजना, टीव्ही, सगळीकडे हीच माणसं लागतात. आपल्याकडे बॅकस्टेजवाल्याला अजून बहुतेक ठिकाणी ‘नाइट’वर पैसे मिळतात, म्हणजे प्रयोग झाला तर. ते मी झाकून ठेवणार नाही. पण तुमच्या मुलीनं अजून काहीच ठरवलेलं नाही, काका. तिनं एक उन्हाळा मागितला आहे.

तेव्हा ओळखीच्यांना सांगा, ती थिएटरात इलेक्ट्रिशियन आहे. इंटर्न म्हणू नका, ‘लायटिंग डिझाइन शिकते आहे’ म्हणू नका. आणि जुलैत तुम्ही दोघं तिकडे जा. विमानतळापासून डोंगरातला पल्ला लांबचा असतो आणि उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो. एकाच दिवसाची दुपारची आणि रात्रीची अशी दोन तिकिटं काढा. मधल्या वेळात तिला जेवायला बाहेर बोलावू नका, तिला येता येणार नाही. परवानगी मिळाली तर मागच्या रांगेत बसून तो बदल होताना बघा. काकूंना म्हणावं, जाताना लाडू न्याच, पण तिच्या मापाचे कामाचे चांगले हातमोजेही न्या. त्या दिव्यांचे पत्रे फार तापतात.