तयार की जुळवलेला: परभणीत गेमिंग संगणक घेताना

गेमिंग संगणक घरात येण्याच्या वाटा दोन नव्हेत, तीन आहेत. पहिली कंपनीच्या तयार यंत्राची: खोक्यावर एकच नाव, एकच वॉरंटी, विंडोज आधीच भरलेले. दुसरी सुटे भाग निवडून आपल्या हाताने जुळवण्याची. तिसरी दुकानदाराने जुळवून दिलेल्या ‘असेंबल्ड’ची, आणि परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडकडे बहुतेक गिऱ्हाइके नकळत हीच धरतात. गिऱ्हाईक त्या यंत्राला तयार माल समजते, पण जबाबदारी मात्र सुट्या भागांप्रमाणेच विखुरलेली असते. फसगत बहुधा इथेच होते.

दुकानात सांगितले जाते ते ‘आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स’ एवढेच. यातला प्रत्येक शब्द खरा असूनही यंत्र कुचकामी असू शकते. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन 2012 सालचा आणि जीटी 730 हे ग्राफिक्स कार्ड 2014 चे. आजचा साधा आय-थ्रीसुद्धा त्या आय-सेव्हनला मागे टाकतो. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. जुन्या यंत्रावर खटपट करून विंडोज 11 चढवले तरी व्हॅलोरंटसारखा खेळ त्यावर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे पोराने ज्या खेळासाठी हट्ट धरला (घरात कारण अभ्यासाचे सांगितले जाते, हा भाग वेगळा) तोच सुरू होत नाही.

अशा एका असेंबल्ड यंत्राचे झाकण प्रस्तुत लेखकासमोर निघाले, तेव्हा आत काय असते ते नीट पाहता आले. पुढे काच, काचेमागे तीन रंगीत पंखे. यंत्राला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर 450 वॉटचा स्टिकर, पण हातात घेतला तर वजनच नाही. ग्राफिक्स कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्याला नव्हतीच. जुन्या हार्ड डिस्कच्या दोन वायरी कन्व्हर्टरने जोडून काम भागवले होते, आणि त्या जोडाचे प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी होऊन वाकले होते. कार्डाच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे, कडेने थर्मल पॅडचे तेल पाझरलेले. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली अशी कार्डे ढिगाने बाजारात उतरली होती. सोळा जीबी रॅम खरी होती, पण एकाच कांडीत. दोन कांड्यांनी मिळणारा वेग गेला. बिलावर एकच ओळ: ‘कॉम्प्युटर सेट’. सिरियल नंबर नाही, म्हणून प्रत्येक भागाची कंपनी वेगळी वॉरंटी देत असली तरी ती मागायची कशाच्या आधारावर, हा प्रश्नच.

परभणीपुरते बोलायचे तर यंत्राचा खरा कस प्रोसेसरपेक्षा विजेवर लागतो. गावठाण आणि शेतीपंप एकाच फीडरवर असतील तिथे रब्बीत पंप सुरू झाले की दाब घसरतो. 100 ते 240 व्होल्टवर चालणारा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस हे निमूट सोसतो. स्वस्तातला एसएमपीएस यंत्र मध्येच रिस्टार्ट करतो आणि दोष विंडोजला लागतो. दुकानात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस जेमतेम 360 वॉट देतो. खेळ रंगात असताना यंत्र आणि मॉनिटर मिळून तेवढे सहज ओढतात, म्हणून 1000 व्हीएच्या खाली जाऊ नये. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर त्याचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. साध्या मोडवर वीज बदलताना लागणारा वेळ एसएमपीएसला पेलवत नाही.

अर्थिंग हा तर दुर्लक्षिलेलाच विषय. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. त्या आल्या की यंत्र बंद ठेवून वायरमन बोलवावा.

उष्णतेचे गणित सोपे आहे. हवेवर थंड होणारे कार्ड खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहते. 25 अंशांच्या खोलीत 68 वर असणारे कार्ड मे महिन्यात 42 अंशांच्या पत्र्याच्या खोलीत 85 वर जाते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. परदेशातल्या व्हिडिओत दिसणारे फ्रेमचे आकडे इथे एप्रिलनंतर मिळत नाहीत ते यामुळे. पुढे काच असलेल्यापेक्षा जाळीचे कॅबिनेट घ्यावे. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये. ओल आत जाते. मानवत, सेलूच्या जिनिंगचा हंगाम असतो तेव्हा कापसाचे तंतू जाळीवर बसतात; ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

कंपनीच्या तयार यंत्रात ही डोकेदुखी कमी. त्याचे खरे मोल घरी येऊन दुरुस्ती करण्याच्या वॉरंटीत आहे. मात्र ती आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून लेखी घ्यावे. नसेल तर तयार यंत्राचा निम्मा फायदा गेला, कारण जड डबा घेऊन नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे आलेच. दुसरी गोम पुढे कळते. 1995 मध्ये आलेल्या एटीएक्स मापामुळे कोणाचाही मदरबोर्ड कोणाच्याही कॅबिनेटात बसतो. काही ब्रँड मात्र बोर्ड आणि एसएमपीएसचे जोड आपल्या मापाचे ठेवतात. तीन वर्षांनी मोठे कार्ड टाकायचे म्हटले तर बाजारातला एसएमपीएस त्यात बसत नाही.

स्वतः जुळवण्यात पैसा वाचतोच असे नाही. विंडोजचा परवाना धरला की फरक बराच आटतो. 2021 मध्ये कार्डांचा दुष्काळ होता तेव्हा सुट्या कार्डापेक्षा अख्खे तयार यंत्र परवडत होते, आणि 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव चढले तेव्हाही हिशेब पुन्हा मांडावा लागला. वाचते ती निवड: पैसा रंगीत दिव्यांत न घालता एसएमपीएस आणि कार्डात घालता येतो. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून आणता येतात. दोन्हीकडे परभणीहून थेट रेल्वे जाते. कुरियरने मागवले तर खोके फोडतानाचा सलग व्हिडिओ काढावा. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवाच.

एक निवड खास दूरच्या गावासाठी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडून वॉरंटीत गेले की ते परत येईपर्यंत पडदा काळा. थोडे जास्त मोजून एफ नसलेला, किंवा रायझन 5 5600जी सारखा प्रोसेसर घेतला तर खेळ थांबतो, पण अभ्यास, फॉर्म भरणे, बँकेची कामे चालू राहतात.

घरात झाकण उघडायला तयार असलेले कोणीतरी असेल, तर जुळवणे उत्तम. नसेल आणि घरपोच सेवा मिळत असेल, तर तयार यंत्र. दोन्ही जमत नसेल तर दुकानदाराकडून जुळवून घ्यायलाही हरकत नाही, मात्र भागांची यादी नाव-मॉडेलसह आपण द्यावी, खोकी सीलबंद पाहावीत आणि जुळणी समोर बसून करून घ्यावी. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

यंत्र कोणत्याही वाटेने आले तरी मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, कार्डाला लावलेली आहे ना ते आधी पाहावे. खेळ अडखळण्याच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमांनी प्रोसेसर, कार्ड आणि रॅमच्या कांड्या बिलाशी ताडून घ्याव्यात. मग बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत, भर दुपारी, सलग दोन तास जड खेळ चालवून तापमान पाहावे. कच्चा भाग असेल तर तो बहुधा तेव्हाच मान टाकतो.